तुळसाक्काचा लॅपटॉप आणि तीन अक्षता

बोला, ज्याने आपल्याला बघायला डोळे दिले आणि बघितलेलं बोलायला तोंडही दिलं, त्या देवाचा एकदा मोठ्याने जयजयकार करा! हां! एवढाच? टाळकऱ्यांचा आवाज आला, मृदंगबुवांचा आला. तुमचा कुठे गेला? देवाने तोंड फक्त चहाला दिलंय का?

तर मंडळी, ऐका. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखादा मोठा माणूस — वयाने मोठा म्हणा, मानाने मोठा म्हणा — त्याचं चुकलं. आपल्या डोळ्यांदेखत चुकलं! आता त्याच्या तोंडावर 'तुमचं चुकलं' असं म्हणणं, हे पाप की पुण्य? सांगा!

बघा! कोणी बोलत नाही! शेजाऱ्याची शेळी आपल्या वालात शिरली तर बांधावर उभं राहून तासभर बोलाल. सुनेची भाकरी करपली तर आठ दिवस बोलाल. पण मोठ्याचं चुकलं, की सगळे वर छताकडे बघतात! छताला काय लागलंय? माझ्याकडे बघा. मी एका बाईची गोष्ट सांगतो. पुराणातली नाही. दोन वर्षांपूर्वीची आहे, आणि बाई अजून जिवंत आहे.

करंजवंडी नावाचं गाव. दीडशे उंबरा. पिण्याच्या पाण्याला एकच विहीर. गावाच्या वरच्या अंगाला टेकडी, आणि टेकडीवर खडीची खाण. तिथे सुरुंग उडाला, की इकडे घरातली भांडी वाजायची, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी हातभर खाली! पाण्याला गढूळपणा! गाव तक्रार करून दमलं. कचेरीत साहेब म्हणायचे, "पुरावा आणा." आता विहीर काय सही करून देणार आहे का?

त्या गावात तुळसाक्का ढेंबरे नावाची बाई. शिक्षण सातवी. वय पंचेचाळीस. धंदा शिवणकामाचा. पण खरी कीर्ती कशाची? मशीन दुरुस्तीची! आसपासच्या दहा गावांत कुणाचं शिलाई मशीन अडलं, की निरोप हिला. ही जायची, मशीनकडे नुसती बघत बसायची, मग बोट ठेवायची — हितं!

तिने काय केलं? दोराला वीतभर अंतरावर गाठी मारल्या, खाली दगड बांधला, आणि रोज सकाळी विहिरीत सोडून कितव्या गाठीपर्यंत ओला होतो ते वहीत लिहिलं. सहा महिने लिहिलं! वही घेऊन कचेरीत गेली. खाणवाल्याच्या वकिलाने वही चाळली आणि म्हणाला, "एका संध्याकाळी एका पेनाने बसून लिहिलंय हे." हसले सगळे! वही टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

मंडळी, तुम्ही-आम्ही असतो तर? घरी येऊन खाटेवर पडलो असतो! ही बाई म्हणाली, "लिहिल्यालं चालत न्हाई व्हय? बरं. मग दाखवते." तिचा एक भाचा पुण्याला. त्याने नवीन लॅपटॉप घेतला होता, जुना मावशीला दिला. दुसऱ्या दिवसापासून ही रोज सकाळी ओल्या दोराचा मोबाईलवर फोटो काढायला लागली. फोटोत विहिरीचा काठ, दोर, गाठी, सगळं. आणि फोटोबरोबर तारीख आपोआप! मोबाईल जुना, त्याच्यात फार मावायचं नाही. म्हणून दर रविवारी फोटो लॅपटॉपमध्ये घालायचे आणि मोबाईल मोकळा करायचा. अशी दोन वर्षं! पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो, एक दिवस चुकला नाही. आपल्याला वर्षभर एक एकादशी धरता येत नाही, आणि ही बाई दोन वर्षं विहीर धरून बसली!

कुणी शहाणा म्हणेल, अजून कुठे एक प्रत ठेवायची ना! ठेवायला हवी होती. तिनेही नंतर स्वतःला तेच ऐकवलं. पण नव्हती ठेवली, आता काय करता?

शेवटी सुनावणीची तारीख लागली. दसऱ्यानंतरचा मंगळवार, सकाळी अकरा. खाणीचा परवाना वाढवायचा की नाही ते त्याच दिवशी ठरणार. कागदावर स्पष्ट लिहिलेलं — पुन्हा तारीख मिळणार नाही. आणि परवाना वाढला, की पुढची दहा वर्षं सुरुंग! मग विहीर राहतेय कशाला?

आता खंडेनवमी आली, गुरुवारी. त्या दिवशी आपण काय करतो? हत्यारांची पूजा! करंजवंडीच्या देवळात सगळ्या गावाची हत्यारं मांडायची रीत. विळे, कोयते, कुऱ्हाडी, न्हाव्याचा वस्तरा, सुताराचा रंधा. आणि त्या रांगेत बायकांनी काय आणून ठेवलं? लॅपटॉप! सरपंच आनंदराव म्हणाले, "हे काय हत्यार हाय का?" तुळसाक्का म्हणाली, "आनंदराव, मंगळवारी कळंल!"

पूजेला कोण होते? एक महाराज होते! नऊ दिवस नवरात्राची कीर्तनं करायला आलेले. मोठे महाराज बरं का! खांद्यावर शाल, कपाळभर गंध, पोट जरासं पुढे. आवाज असा की गाडी मागे घेताना जो पोंगा वाजतो ना, तसा! हसता काय? लोक लांबून ऐकायला यायचे. तर महाराजांनी विळ्याला हळदीकुंकू लावलं, कोयत्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं. लॅपटॉपपाशी आले. इकडून बघितला, तिकडून बघितला. कडेला एक बारीक गोल भोक दिसलं. विचारलं, "हे काय?" कुणीतरी म्हणालं, "इथनं वीज आत जाते महाराज."

झालं! महाराजांना ज्ञान झालं! वीज आत जाते म्हणजे शक्ती आत जाते! म्हणजे देवीचा दरवाजाच हा! मग त्यांनी ओलं गंध घेतलं, हळद-कुंकू कालवलेलं, आणि अंगठ्याने दाबून त्या भोकात भरलं! वर अक्षता चिकटवल्या, त्याही दाबल्या! बायका बाजूला हळदीकुंकवाचं ताट आवरत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. महाराज पुढे सरकले, सुताराच्या रंध्याकडे.

रविवारी तुळसाक्काने नेहमीसारखे फोटो घातले. लॅपटॉप चालला! का चालला? आतल्या बॅटरीत जेवढी होती तेवढ्या जोरावर चालला. वायर बाहेरून लावली होती, पण वीज आत जातच नव्हती, आणि हिचं सगळं लक्ष फोटोंकडे. सोमवारी सकाळी बटण दाबलं — काही नाही. दिवा नाही, आवाज नाही, पंखा नाही. परत दाबलं. काही नाही!

मंडळी, विचार करा! सातशेच्या वर फोटो आत, आणि दार लागलेलं! सुनावणीला एक दिवस!

सरपंच आले, म्हणाले, "अक्का, जाऊ द्या. नशिबात नव्हतं म्हणायचं." तुळसाक्का म्हणाली, "नशीब नंतर बघू. आधी वायर बघते." वायर बघितली. दुसऱ्या भिंतीवर लावून बघितली. चार्जरवर हिरवा दिवा लागतोय, म्हणजे वीज तिथपर्यंत येतेय. तशीच उठली आणि पहिल्या एसटीने तालुक्याला गेली, दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदाराने बटण मोजून अर्धा मिनिट दाबून धरलं. मागचं झाकण खोललं, मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. स्वतःचा चार्जर लावला, तो नीट बसेना, म्हणाला, "जुनं मशीन आहे, असंच बसतं." आणि शेवटी डॉक्टर बोलतात तसं हळू आवाजात म्हणाला, "मदरबोर्ड गेला. ठेवून जा. आठ दिवसांनी या. आतलं राहील की जाईल, सांगता येत नाही."

आता आपण काय केलं असतं? ठेवून आलो असतो! तो शिकलेला, त्याचं काचेचं दुकान, आपण सातवी पास. पण तुळसाक्काने विचारलं, "मदरबोर्ड गेला ते तुमी बघून म्हनताय का अंदाजानं म्हनताय?" तो चिडला. "बाई, तुम्हाला कळतं का यातलं?" ती म्हणाली, "न्हाई कळत. म्हनूनच इचारते. तुमाला कळतं, तर दाखवा." त्याला दाखवता येईना! हिने लॅपटॉप पदराखाली घेतला आणि घरी आली.

घरी आली आणि मशीनकडे बघत बसायची तशी बसली. मशीन अडलं तर ती काय करायची? दोरा जिथून निघतो तिथून सुरू. रीळ, मग कडी, मग सुई. मधली एक जागा सोडायची नाही! इथेही तसंच. भिंतीत वीज आहे. चार्जरला आहे. पुढची जागा कुठली? ते गोल भोक! तिने पिन घातली आणि थांबली. बॉबिन जागेवर पूर्ण बसली की टक् आवाज येतो, बायकांना माहीत आहे! ही पिनही आधी टक् बसायची. आता येत नव्हता टक्! आणि पिन जवाएवढी बाहेर राहत होती. भोकात बघितलं, तर आत काहीतरी वाळलेलं, काळपट.

सुई घालून उकरायला काय लागतं? पण तिने हात आवरला. का? त्या भोकाच्या मधोमध केसाएवढी काडी असते, ती मोडली की खरंच सगळं संपलं. आत तुटलेल्या पिनेचा तुकडा असेल तर एक उपाय, माती असेल तर दुसरा, आणि ओलं लावून सुकलेलं असेल तर तिसरा. आत काय आहे ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही! मग ती आठवायला बसली. गुरुवारपर्यंत टक् होता. गुरुवारी लॅपटॉप घराबाहेर एकाच ठिकाणी गेला. कुठे?

देवळात!

दुपारचे बारा. देवळात महाराज बसलेले, दसरा झाला तरी गावाने आग्रहाने ठेवून घेतलेले, सरपंच बसलेले, पंधरा-वीस माणसं बसलेली. तुळसाक्का लॅपटॉप घेऊन सरळ आत. वाकली नाही, बसली नाही. म्हणाली, "म्हाराज, पूजेच्या दिवशी तुमी ह्या भोकात काय घातलंत का?"

सरपंच उठले! "अक्का! महाराजांना जाब इचारता? आन् तेबी देवळात?"

ऐका मंडळी, ती काय म्हणाली! म्हणाली, "देवळातच इचारते, आनंदराव. हितं खोटं बोलाया जरा जड जाईल म्हनून!"

मृदंगबुवा, एक थाप द्या त्या बाईला! दोन द्या! काय हिंमत!

आणि महाराज काय म्हणाले? महाराजांना आठवत होतं. अंगठ्याला लागलेलं गंधसुद्धा आठवत होतं. पण समोर पंधरा-वीस माणसं! नऊ दिवस ज्यांनी हार घातले ती माणसं! महाराज म्हणाले, "बाई, पूजेने कधी काही बिघडतं का? मी वरूनच दोन फुलं वाहिली. हा तुमच्या प्रारब्धाचा भाग आहे. नामस्मरण करा."

खोटं! देवीच्या समोर बसून खोटं! आणि मंडळी, तो महाराज कोण होता माहीत आहे?

मी!

हां, आता हसणं थांबलं बघा. मीच तो! हीच शाल, हेच पोट! माझ्या एका अंगठ्याने एका गावाच्या पाण्यावर बूच मारलं, आणि वर माझ्याच तोंडाने मी त्याला प्रारब्ध म्हणालो. कसलं प्रारब्ध? माझा गाढवपणा होता तो! आपल्या चुका देवाच्या नावावर खपवायची ही सवय आम्हा महाराज लोकांनाच लागलीय असं नाही हो, पण आम्हाला जास्त लागलीय, कारण आम्हाला कोणी उलट विचारत नाही!

तिने लॅपटॉप पदराखाली घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. मला वाटलं सुटलो. पानावर बसलो. वाढणारी बाई तांब्या ठेवून गेली. पाणी बघतो तर तळाशी गाळ. तिला म्हटलं, "पाणी असं का?" म्हणाली, "काल सुरुंग उडाला न्हवं का महाराज. आज चांगलं मिळालं हेच खूप. आमी गाळून तुमच्यासाठी राखून ठेवलं."

मंडळी, हातातला घास पानात ठेवला! लाज वाटली. अशी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. तसाच उठलो, चपला घालायचंही सुचलं नाही, भर उन्हात तिच्या घरी गेलो. ती दारात बसली होती, लॅपटॉप मांडीवर. मी हात जोडले. म्हटलं, "अक्का, मी खोटं बोललो. मीच भरलं. ओलं गंध, अंगठ्याने दाबून. वर अक्षता. मला क्षमा करा."

वाटलं, बाई रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिने काय विचारलं?

"तांदूळ किती?"

मी म्हटलं, "आँ?"

"क्षमेचं ऱ्हाऊ द्या म्हाराज. तांदूळ किती घातलं? दोन का तीन? नीट आठवा!"

मी डोळे मिटले. अहो, समाधी लावतानासुद्धा एवढं मन एकाग्र झालं नव्हतं! म्हटलं, "तीन."

"नक्की?"

"नक्की. तीन."

मग कामाला लागली. आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून मला स्पिरिट आणायला पाठवलं — हो, मला! गेलो पळत! बारीक काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवला, भोकात धरला, थांबली. सुकलेलं गंध मऊ पडू दिलं. घाई नाही! मग बारीक चिमटा. पहिला तांदूळ निघाला. पिवळा. दुसरा निघाला. मी बोटांवर मोजतोय! तिसरा निघेना. शेजारीण म्हणाली, "अगं, दोनच असतील, लाव की पिन." तुळसाक्का म्हणाली, "म्हाराज तीन म्हनालेत. आता खरं बोललेत ना, मग तिसरा हाय." अन् पुन्हा कापूस, पुन्हा चिमटा. निघाला! तळाशी आडवा बसला होता!

मंडळी, त्या बाईशी मी दुपारी धडधडीत खोटं बोललो होतो, आणि तासाभरात माझ्या एका शब्दावर ती तिसरा तांदूळ शोधत बसली! खरं बोललेल्याला ती बाई किती किंमत देत होती, बघा!

सुकू दिलं. बॅटरी बसवली. पिन घातली — टक्! दिवा लागला! पिवळा बारीक दिवा. अर्धा तास तसाच ठेवला, मग बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि समोर फोटो! विहीर, दोर, गाठी. सातशे सकाळी!

मंगळवारी अकरा वाजता ती कचेरीत उभी राहिली. खाणवाल्याचा वकील म्हणाला, "हे बनवलेले फोटो आहेत." ती म्हणाली, "बनवलेलं कोन्चं ते दावा. सातशेतला एक दावा, मी उठून जाते." साहेबांनी सुरुंगाच्या नोंदीचं रजिस्टर मागवलं आणि तारखा जुळवत गेले. सुरुंग — दुसऱ्या दिवशी गाठ खाली. सुरुंग — गाठ खाली. वीस तारखा जुळवल्या आणि त्यांनी पेन ठेवलं. परवाना वाढला नाही. टेकडीवर आता सुरुंग उडत नाही. विहिरीला पाणी आहे, मी पिऊन आलोय!

आता मला सांगा, पाप की पुण्य? ती बाई घाबरून गप्प बसली असती तर? माझा मान राहिला असता आणि गावाचं पाणी गेलं असतं! असला मान काय चाटायचाय? ही ओवी माझीच आहे, बरी वाटली तर म्हणा —

पुसावे निर्भय, बोलावे स्वच्छ।
देवापुढे काय, मोठा नि तुच्छ॥

आनंदराव मला म्हणाले होते, "महाराज, हे कुठे सांगू नका, अब्रू जाईल." जाऊ दे! मी गावोगाव सांगतो! आणि तुम्हालाही सांगतो. ग्रामसभेत हात वर करा. डॉक्टरला विचारा. मास्तरला विचारा. साहेबाला विचारा, बघून सांगताय की अंदाजाने? घरातल्या म्हाताऱ्याला सून काही विचारत असेल तर तिला गप्प करू नका. आणि आम्हाला, शालवाल्यांना, सगळ्यांत आधी विचारा! तुम्ही विचारत नाही म्हणून आम्ही सोकावलोय!

आता कीर्तन संपलं, की तुम्ही रांगेने येऊन माझ्या पाया पडाल. आज माझी अट आहे. आधी ताठ उभं राहायचं, माझ्या डोळ्यांत बघायचं, आणि माझं काय चुकलं ते एक तरी सांगायचं. मगच वाकायचं. सांगायला काही नसेल तर वाकूच नका! आहे का कोणी? आत्ताच बोला!

कोण? त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी? बोला आजी. घाबरू नका. मोठ्याने बोला.

काय म्हणालात?

मंडळी, ऐकलंत का? आजी म्हणतात, महाराज, खोटं तुम्ही देवळात बोललात, चारचौघांत. कबूल मात्र तिच्या दारात केलंत, एकट्याने. करंजवंडीच्या देवळात, त्याच माणसांपुढे, कधी उभे राहिलात का?

आजी…

नाही. नाही राहिलो. दोन वर्षं झाली. दुसऱ्या गावांत सांगत फिरलो, टाळ्या घेतल्या, शूर म्हणवून घेतलं. पाणी प्यायला करंजवंडीत जाऊन आलो, पण त्या देवळाची पायरी चढलो नाही. तिथे लोक अजून म्हणत असतील, अक्का उगाच महाराजांना बोलली.

मृदंगबुवा, टाळ आवरा. दहीहंडी तुमच्या गावच्या सरपंचांच्या हातून फोडा, काला वाटा. माझ्या पाया आज कोणी पडायचं नाही. जीप काढा कुणीतरी. करंजवंडी इथून अठरा कोस आहे, दिवस मावळायच्या आत त्या देवळात माणसं जमवायची आहेत.

आणि आजी, तुम्हाला जमत असेल तर बरोबर चला. मी तिथे पुन्हा कच खाल्ली, तर विचारायला कोणीतरी पाहिजे.